दमानं घ्या

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय ४४. आई ६९ वर्षांची आहे. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे आणि दोन वर्षं घरी ऑक्सिजनचं मशीन चालू आहे. तिनं आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चूल फुंकली. आता खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या पंधरा पावलांत तिला दोनदा थांबावं लागतं. बायको कुंडईला कारखान्यात पाळीवर जाते, त्यामुळे रात्रीचं सगळं माझ्याकडे. गेल्या महिन्यात दोन-तीनदा आईला वाटेतच लघवी झाली. पेशंटचं सगळं वेळेवर व्हावं म्हणून मी डायपर आणले आणि तिचं न ऐकता लावले. ती एवढंच म्हणाली, ‘पुता, तुवें म्हजी लज काडली.’ त्याला पाच दिवस झाले, ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे. परवा म्हणाली, ‘आतां पुरो.’ रात्री धाप लागली की १०८ची रुग्णवाहिका बोलावतो, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतो, दोन-तीन दिवसांनी परत आणतो. बहीण म्हणते, तिच्याशी आजाराचं काही बोलू नकोस, ती धीर सोडेल. मी चुकलो का? आता काय करू?

उत्तर:

भाऊ,

हो, चुकलात. डायपर आणलेत यात काही चूक नाही. ‘तिचं न ऐकता’ लावलेत, ते चुकलं. हे तुम्हालाही कळलेलं आहे, नाहीतर ते शब्द तुम्ही पत्रात लिहिलेच नसते. ही चूक सुधारता येण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ३१ वर्षं परिचारिका होते. फार वर्षांपूर्वी एका मोठ्या वॉर्डात, सकाळच्या पाळीला, धाप लागलेल्या एका आजोबांचे कपडे मी पडदा न ओढता बदलले. शेजारच्या खाटेभोवती लोक उभे होते. मला अजून अकरा खाटा उरकायच्या होत्या आणि डॉक्टरांची फेरी व्हायची होती. आजोबांनी हात थोडा उचलला, तोंड उघडलं, शब्द काही आला नाही. मी काम पुरं केलं. तासाभरानं त्यांचा दम बसला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘बाई, नको म्हणायलासुद्धा वारा लागतो.’ मी त्यांची माफी मागितली. तरी ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तुमच्या आईचं तेच झालंय. पाय मोडलेला माणूस ओरडू शकतो, हात झटकू शकतो. धाप लागलेला माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि ते अर्धं वाक्य आपण आपल्या सोयीनं पूर्ण करतो. डॉक्टर तिला विचारतात, ‘झोप लागते का?’ आणि उत्तर तुम्ही देता. तिचा पदर नीट करायला तिला पाच मिनिटं लागतात, तर आपण तो ओढून देतो. एकेक गोष्ट प्रेमानंच केलेली असते, पण आठवडाभरात तिचं म्हणावं असं काहीच तिच्या हातात उरत नाही. आपल्या भाषेत सावकाश करायला सांगताना ‘दमानं घ्या’ म्हणतात. तुमच्या घराला आता आईच्या दमानं चालावं लागेल. कठीण आहे. तुमची नोकरी आहे, बायकोची पाळी आहे, हे मला दिसतंय. तरी माझा सगळा सल्ला तेवढाच आहे.

आधी न्हाणी-संडासाचं, कारण घाव तिथे बसलाय.

खाटेशेजारी ठेवायची कमोडची खुर्ची आणा. वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. हातांची आणि घट्ट उभी राहणारी बघा, बसल्यावर आईचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उकिडवं बसणं धाप लागणाऱ्याला फार जड जातं, पोट वर दाबलं जातं आणि छातीचा पडदा खाली सरकायला जागा राहत नाही. खुर्चीभोवती पडदा लावा. तिला उठायला मदत करा, बसवा, पडद्याबाहेर या आणि तिच्या हाताशी घंटी ठेवा. घंटी वाजेपर्यंत आत जाऊ नका, कितीही वेळ लागला तरी. स्वच्छता तिची तिला जमेल तेवढी तिलाच करू द्या. जमत नसेल तर कुणी करावी हे तिला विचारा: सून, लेक की शेजारची कुणी बाई. मुलानं धुतलेलं तिला सोसत नसेल तर ‘आईला कसली लाज’ असं म्हणू नका. लाज तिची आहे, ती किती धरायची हे तिनं ठरवायचं. बहिणीकडे सल्ल्याबरोबर आठवड्यातल्या दोन रात्रीही मागा.

वाटेत लघवी होते हे डॉक्टरांना सांगितलंत का? वर्षानुवर्षं खोकणाऱ्या बायकांना खोकताना लघवी सुटणं फार वेळा होतं आणि बहुतेक जणी ते कुणाला सांगत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. सुजेसाठी किंवा हृदयासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची ते विचारा, संध्याकाळी घेतलेली गोळी रात्रभर उठवते. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा, कुंथताना दम पार तुटतो. तिच्या लाजेमागे साधं औषधाचं कारण निघालं तर किती बरं होईल! डायपरचं पाकीट टाकून देऊ नका. बांबोळीच्या प्रवासात ते कदाचित तीच मागेल. ते तिच्या कपाटात, तिच्या कपड्यांजवळ ठेवा.

आंघोळ दिवसातल्या तिच्या सगळ्यात बऱ्या वेळी, इन्हेलर घेतल्यावर थोड्या वेळानं. घाईची सकाळ नको. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल, पाणी कोमट, खिडकी उघडी. कोंडलेल्या वाफेत यांचा जीव घुसमटतो. तुमच्याकडे अजून न्हाणीत चुलीवर भाण (पाण्याचं मोठं भांडं) तापवत असाल तर ती आग न्हाणीतून कायमची काढा. नाकातली नळी आंघोळीतही राहू द्या, नळी लांब मिळते, मशीन मात्र ओल्या जागेपासून दूर ठेवा. पाय धुवायला तिला वाकायला लावू नका. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा सुती पंचा गुंडाळून बसवा, पाणी आपोआप टिपलं जातं. केस विंचरायला हात वर धरावा लागतो, त्यानंही धाप लागते. कोपरं टेबलावर टेकवून तिला जमत असेल तर तिचे केस तिलाच विंचरू द्या. रोज आंघोळ नाही झाली तरी चालेल. साडी सुटली असेल तर शिंप्याकडून तिच्याच साड्या शिवून घ्या, निऱ्या आधीच घातलेल्या, पुढून हुक असलेलं पोलकं. तिला गाऊनच बरा वाटला तर गाऊन. पण विचारून.

आता रात्रीच्या धापेचं.

धाप लागली की घरातले सगळे भोवती जमतात आणि एका सुरात सांगतात, ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे!’ सीओपीडीत हे उलटं पडतं. या आजारात फुप्फुसांच्या नळ्या अरुंद आणि सैल झालेल्या असतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. छाती आधीच जुन्या हवेनं भरलेली असते, तीत नवा श्वास मावणार कुठे? म्हणून आधी सोडायला शिकवायचं. नाकानं साधा श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, समोरची ज्योत विझणार नाही, नुसती हलेल इतक्या हळू. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. हे दुपारी, ती बरी असताना, तिच्याबरोबर बसून करा. रात्री दोनला नवीन काही शिकता येत नाही.

तिला खाटेच्या कडेला बसवून समोर टेबल आणि टेबलावर उशी ठेवा. त्यावर हात आणि डोकं टेकवून पुढे झुकलं की खांद्या-मानेच्या स्नायूंना आधार मिळतो आणि श्वास सुटा होतो. एक छोटा हातात धरायचा चार्जिंगचा पंखा आणा आणि चेहऱ्यापासून साधारण वीतभर अंतरावर धरा, झोत नाक आणि वरच्या ओठावरून जाऊ द्या. गार वाऱ्याचा स्पर्श चेहऱ्याच्या मज्जातंतूंमधून मेंदूला पोचतो आणि घुसमटीची जाणीव कमी होते. इंग्लंडमध्ये २०१० साली यावर रीतसर चाचणी झाली आहे. पंखा तिच्या हातात द्या. तिचा उपाय तिच्या मुठीत असला की भीती निम्मी होते, आणि धाप आणि भीती एकमेकींना वाढवत नेतात हे तर तुम्ही रोज पाहता. पावसात वीज गेली तरी तो चालतो. मशीन मात्र बंद पडतं, म्हणून भरलेला सिलिंडर घरात असू द्या आणि तो जोडायचा कसा हे बायकोलाही दाखवून ठेवा.

त्या वेळी खोलीत एकच माणूस. फार बोलायचं नाही. ‘मी आहे’ एवढं म्हणा, तिला चालत असेल तर पाठीवर हात ठेवा, आणि तुम्ही स्वतः सावकाश श्वास सोडा. उत्तर मागणारे प्रश्न विचारायचेच झाले तर मान हलवून सांगता येतील असे: पंखा हवा? खिडकी उघडू? दोन-चार खुणा आधी ठरवून ठेवा, ‘थांब’साठी एक खूण नक्की.

रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या चिमट्याकडे दिवसातून वीस वेळा बघत असाल तर ते कमी करा. आकडा ९१ आहे आणि आईला तरी दम लागतोय, असं पुष्कळदा होतं. ती नाटक करत नसते. किती दम लागतोय हे ती सांगेल तेच खरं. आणि मशीनचा प्रवाह मनानं वाढवू नका. सीओपीडीत बहुतेकांना ८८ ते ९२ टक्के एवढं लक्ष्य ठेवतात. त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो.

तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: धाप वाढली की घरी कोणतं औषध किती, किती वेळ वाट बघायची, आणि कोणती लक्षणं दिसली की थेट १०८. ओठ निळे पडणं, बडबडणं किंवा जागं न होणं, छातीत दुखणं, ताप येऊन कफाचा रंग बदलणं, नेहमीचे उपाय करूनही धाप न बसणं, यात उशीर करायचा नाही. बाकीच्या रात्री कदाचित घरीच निभावतील. दर वेळी धडधडत बांबोळीला जाणं, स्ट्रेचरवर, गावानं बघत असताना, हेही तिच्या ‘पुरो’मध्ये असू शकतं.

एवढं सगळं करूनही बसल्याजागी धाप राहत असेल तर छातीच्या डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारा. नाव ऐकून दचकू नका. तोंडानं घ्यायचं, अगदी थोड्या मात्रेत, काही रुग्णांची धापेची जाणीव त्यानं कमी होते. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, अलीकडच्या काही अभ्यासांत तो दिसलेला नाही. म्हणून तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यानं बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. झोपेच्या गोळ्या मनानं त्यात मिसळायच्या नाहीत. वेदनाशमनासाठी अशी औषधं मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी काळजी, हे शब्द डॉक्टरांपुढे तुम्ही स्वतः उच्चारा. गोव्यात हे शब्द ऐकले की लोकांना लोटलीचं शांती आवेदना आठवतं आणि ते कॅन्सरचं, आपलं नव्हे, असं वाटतं. ती संस्था कर्करुग्णांसाठी आहे हे खरं, पण ही काळजी फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या रुग्णांचाही हक्क आहे आणि ती चालू उपचारांच्या जोडीनं मिळायला हवी.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट. त्यात ‘पेशंट’ आहे, ‘आई’ आहे, तिचं नाव नाही. ती चाळीस वर्षं चूल फुंकत होती, एवढंच तिच्याबद्दल मला कळलं. हार्वे चोचिनोव्ह नावाचे कॅनडातले एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. गंभीर आजारी माणसाचा मान कशानं राहतो यावर त्यांचं मोठं काम आहे. ते डॉक्टर-नर्सांना सांगतात की रुग्णाला एक प्रश्न विचारा: तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला सगळं माहीत आहे असं वाटेल. तरी विचारा. उत्तर एका बैठकीत येणार नाही, चार-चार शब्दांनी येईल. ते लिहून काढा आणि बांबोळीला नेताना फाईलच्या वरच्या पानावर लावा. पाळीवरच्या नर्सला कळू दे की खाटेवर कोण आहे.

आणि तिचं काम तिला परत द्या. पेजेत मीठ पुरेसं आहे का, हे चमचाभर चाखून सांगायला फार श्वास लागत नाही. चवथीला माटोळीला, गणपतीवरच्या फळापानांच्या छताला, काय काय बांधायचं, खतखत्यात कोणती भाजी आधी जाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तिची खुर्ची त्या दिवशी अशी ठेवा की माटोळी बांधताना तिला दिसेल आणि ती हातानं खुणावू शकेल. मात्र समई, धूप, फटाके तिच्या नळीपासून लांब, निदान दहा फूट, आणि शक्य तर दुसऱ्या खोलीत. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो, आणि तो कपड्यांत, केसांत, अंथरुणात मुरलेला असतो. नाक कोरडं पडतं म्हणून पेट्रोलियम जेलीसारखं तेलकट मलमही लावू नका.

भेटायला येणारे दारातूनच ‘किती गो खराब झालीस!’ म्हणतात. त्यांना पडवीतच थांबवून सांगा की आईला भेटायचं का ते विचारून येतो. आणि ती बिडी ओढायची का, असं कुणी विचारलं तर तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही. ओढत असती तरी तिचा मान एका कणानं कमी झाला नसता.

राहिलं तिचं ‘आतां पुरो’. बहिणीचं म्हणणं मला पटत नाही. ज्या गोष्टीबद्दल घरात कुणी बोलत नाही, ती गोष्ट आजारी माणूस एकट्यानं, रात्री, भिंतीकडे बघत विचार करत असतो. काय पुरे झालं हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. डायपर? सुया? रात्रीच्या फेऱ्या? की जगणंच? विचारल्याशिवाय कळणार नाही. ‘आई, काय पुरे झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. जगणंच नकोसं झालंय असं ती पुन्हा पुन्हा म्हणत असेल, खाणं-बोलणं सोडत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. या आजारात नैराश्य फार येतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमचाही जीव थकला असेल. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ या टेली मानसच्या सरकारी क्रमांकावर बोला.

ती म्हणाली की नळ्या घालून, मशीनवर ठेवून मला जगवू नका, तर तेही लिहून ठेवता येतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असं आगाऊ इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, मान्य केलं. त्याची रीत फार अवघड होती, ती २४ जानेवारी २०२३ ला सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मे २०२४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं. स्वतःचा निर्णय सांगण्याच्या अवस्थेत ती नसेल तेव्हाच ते लागू होतं, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. पण हा कागद तिच्यावर लादू नका. तिला हवा असेल तर आणि ती म्हणेल तेव्हा. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा तिची खुर्ची डॉक्टरांसमोर ठेवा, तुमची मागे. आदल्या रात्री तिचे दोन-तीन प्रश्न तिच्या शब्दांत लिहून न्या. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून विचारलं तर तुम्ही आईकडे बघा.

आज काय करायचं ते सांगते. बायको घरी असेल तेव्हा, चहा झाल्यावर, आईच्या खाटेशेजारी खाली बसा, तिचं तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूला. भिंतीमुळे जागा नसेल तर खाट ओढा, पण तिला सांगून. म्हणा, ‘आई, मी तुझं ऐकलं नाही. चुकलो.’ कारणं देऊ नका, पाळी-नोकरी काही नको. ती लगेच बोलेल असं समजू नका. पाच दिवसांचं ओझं आहे आणि बोलायला वारा लागतो. बसून राहा, फोन बाहेर ठेवून. मग कमोडची खुर्ची आणतोय म्हणून सांगा, आणि तिच्या पडद्यासाठी कपाटातली कोणती साडी काढू ते विचारा.